दोस्तांच्या फौजा आणि असीरगड

महोदय,

युद्धातल्या दोस्तांचं आपसात का जमत नाही, असं नातवानं विचारलं. मी फौजेतून निवृत्त झालेला, आता रावेरला केळी करणारा माणूस. शत्रू एक असला तरी प्रत्येकाची भीती वेगळी असते, हे माझं उत्तर.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि फ्रेंच 1914 पासून शेजारी-शेजारी लढले, पण दोन्ही फौजांच्या समन्वयाचं काम फ्रेंच सेनापती फॉश यांच्याकडे आलं ते मार्च 1918 मध्ये, जर्मनांनी आघाडी फोडल्यावर. तोवर ब्रिटिशांची नजर मागच्या बंदरांवर, फ्रेंचांची पॅरिसवर. माघार घ्यायची वेळ आली तर दोघं दोन दिशांना जाणार!

आपलं तरी काय? 1803 मध्ये असईला शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले, यशवंतराव होळकर लांब राहिले. राहणारच. वर्षभरापूर्वीच हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या होत्या. असईनंतर, 1803 च्याच ऑक्टोबरमध्ये, आमच्या जवळचा शिंद्यांचा असीरगडही इंग्रजांकडे गेला. 1804 मध्ये होळकर उतरले, तेव्हा शिंदे तह करून बसले होते.

(आम्हा तिघा भावांची विहीर सामाईक आहे. मे महिन्यात पाण्याच्या पाळीवरून काय होतं, ते नातवाला दाखवणार आहे.)

– एक निवृत्त हवालदार, रावेर, जि. जळगाव