तो बॉल पोरांना देऊन टाक

लीड्स, रविवार

सौ. वहिनीस स. न. वि. वि.

ती. आई-बाबांना शि. सा. न. सांग. काल व्हिडिओ कॉलवर बाबांच्या स्ट्रोकने दुबळ्या झालेल्या उजव्या हातात तो दाबायचा पिवळा बॉल दिसला. बाबा समोरच होते म्हणून तेव्हा गप्प बसले. तो बॉल पोरांना खेळायला देऊन टाक. मूठ मिटायला बाबांना काहीच अडचण नाही गं, ती उघडत नाही हे दुखणं आहे. जे येतंय त्याचाच सराव कशाला?

मूठ उघडताना बोटं ओढू नकोस. आधी मनगट तळव्याच्या बाजूला वाकव, बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा टोकाला न धरता बुडापासून धरून बाहेर काढ, बोटं सरळ कर आणि शेवटी मनगट सावकाश वर आण. तळवा धुवायचा, नखं कापायची, तेव्हाही असंच. दादाला मात्र बजावून सांग, उठवताना तो हात धरून ओढायचा नाही, काखेत हात घालूनही नाही. खांदा आधीच सैल पडलाय. तिथे दुखणं बसलं की बाबा हाताला हातही लावू देणार नाहीत. बसले की कोपराखाली उशी हवीच.

आता जरा कडू बोलते. आई पाणी तोंडाशी नेते, तू बटणं लावतेस. सगळं मायेपोटी, पण त्या हाताला काही कामच उरलेलं नाही. अमेरिकेत अलाबामातले संशोधक एडवर्ड टाउब यांनी नेमकं हेच हेरून उपचार बसवला: चांगल्या हाताला जाड मोजा घालायचा आणि कामं दुबळ्या हाताकडून करून घ्यायची. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २२२ रुग्ण होते, स्ट्रोक येऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवड्यांच्या उपचाराचा फायदा वर्षानंतरही टिकून होता. पण मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी, निदान दहा अंश, उचलली तरच हे जमतं. शिवाय बाबांची काठी चांगल्या हातात असते. तेव्हा फिजिओंना विचारल्याशिवाय मोजा नको.

मोज्यावाचूनही पुष्कळ करता येतं. टेबलावर टॉवेल पसरून दोन्ही हातांनी पुढे-मागे सरकवू देत. डब्याचं झाकण डाव्याने काढताना उजव्याने डबा दाबून धरू देत. आणि अंगठा जरा सुटला की ताटात चिल्लर ओत. एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस, नाणी बघून हात आपसूक पुढे जाईल. पाचाची, दहाची वेगळी करायला वेळ लागेल, चिडतील, शिव्याही देतील. देऊ देत. मदतीला कुणी धावायचं नाही, दादाने तर मुळीच नाही.

फिजिओंच्या अर्ध्या तासावर भागणार नाही. इकडच्या २०२३च्या स्ट्रोक मार्गदर्शिकेत आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज तीन तास सरावाची शिफारस आहे, चालणं-बोलणं सगळं धरून. घरी थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा केलंत तरी चालेल. हात सुजला किंवा लाल होऊन दुखू लागला तर मात्र थेट डॉक्टरांकडे.

एक व्हिडिओ पाठव. बाबांचा हात टेबलावर, पंजा कडेवरून लोंबता ठेव आणि मनगट वर करा म्हण. किती उचलतंय ते मला बघायचंय. आणि तुझी कंबर कशी आहे? त्यांना एकटीने उचलत जाऊ नकोस.

तुझी,
धाकटी नणंद