मधल्या माणसांचं बेट

लार्नाका,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय दिलीप,

तुझं पत्र आलं. सगळं वाचलं आणि सायप्रसबद्दलच्या शेवटच्या वाक्यापाशी अडलो. "दोन धर्म, दोन भाषा. एकत्र नांदणं जमलंच नसतं, मग फाळणी आज काय आणि उद्या काय," असं तू लिहिलं आहेस. फोनवर यावर वाद झाला असता, उत्तर झालं नसतं, म्हणून निवांत लिहायला बसलो. मला हे पटत नाही. इथल्या माणसांत राहिल्यावर तर अजिबातच नाही. सायप्रस आपोआप दुभंगला नाही रे. इथे ग्रीक बोलणारे ख्रिस्ती आणि तुर्की बोलणारे मुसलमान, आणि त्यांच्यात मिसळून राहणारी माणसं भरपूर होती. आधी त्यांना गप्प केलं गेलं, काहींना ठार मारलं गेलं, आणि सीमेची तार त्यानंतर ओढली गेली.

१५७१ मध्ये ऑटोमन तुर्कांनी हे बेट व्हेनिसकडून जिंकलं. त्यांचे सैनिक आणि अनातोलियातून आणून वसवलेली कुटुंबं इथलीच झाली. पुढची तीनशे वर्षं सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. १८२१ मध्ये ग्रीसमध्ये बंड पेटलं, तेव्हा इथल्या आर्चबिशप किप्रियानोसना तुर्की सुभेदारानं राजधानी निकोसियात फाशी दिलं. पण गावपातळीवर दुष्काळ, टोळधाड आणि कर दोघांनाही सारखेच होते. लिनोबांबाकी नावाचा एक लोकसमूहच होता, म्हणजे ताग आणि सूत एकत्र विणावं तशी माणसं. घरात ख्रिस्ती, सरकारदरबारी मुसलमान. सणही दोन्हीकडचे पाळायचे. लुरुजिनासारख्या गावात तुर्की मुसलमानांच्या घरी ग्रीक बोलली जायची. १८९१ च्या सुमारास साडेतीनशेच्या आसपास गावं मिश्र वस्तीची होती. १९६० पर्यंत ती शंभरावर थोडीच उरली. म्हणजे मोठी कत्तल व्हायच्या आधीच गावं वेगळी होऊ लागली होती. का, ते सांगतो, कारण तुझ्या वाक्याचं उत्तर तिथंच आहे.

१८७८ मध्ये बेटाचा कारभार इंग्रजांकडे आला, १९२५ मध्ये ते रीतसर वसाहत झालं. शाळा धर्मावर वाटलेल्याच राहिल्या. ग्रीक मुलांची पुस्तकं आणि शिक्षक अथेन्सकडून, तुर्की मुलांचे तुर्कस्तानातून. एकाच गल्लीत खेळणाऱ्या मुलांचे वीरपुरुष वेगळे आणि शत्रू म्हणजे शेजारचं घर. तू इतिहास शिकवतोस, पाठ्यपुस्तक काय करू शकतं ते तुला मी सांगायला नको.

जानेवारी १९५० मध्ये चर्चनं सार्वमत घेतलं. सह्या चर्चमध्येच, उघडपणे. जवळपास ९६ टक्के ग्रीक सायप्रियटांनी ग्रीसमध्ये विलीन व्हायचा कौल दिला. त्या इच्छेत काही वावगं होतं असं नाही, पण बेटावर जवळजवळ पाचवा हिस्सा तुर्की लोकांचा आहे, त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. १ एप्रिल १९५५ ला ग्रिवास यांच्या एओका या ग्रीक सायप्रियटांच्या गुप्त संघटनेनं बाँबस्फोट करून इंग्रजांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू केला. इंग्रजांनी तिच्याविरुद्ध लढायला तुर्की सायप्रियटांमधून मोठ्या प्रमाणात जादा पोलीस भरती केली. म्हणजे एओकाची गोळी पोलिसाला लागली की मरणारा बहुधा तुर्की. याहून सोपी फूट पाडण्याची युक्ती कुठली? तिकडे तुर्की बाजूला टीएमटी ही गुप्त संघटना उभी राहिली. तिची मागणी होती फाळणीची.

दोन्ही संघटनांनी आपापल्या समाजातली माणसं मारली. एओकानं ग्रीक डाव्यांना संपवलं. टीएमटीनं ग्रीकांबरोबर एकाच कामगार संघटनेत राहणाऱ्या तुर्कांना धमकावलं आणि काहींना गोळ्या घातल्या. १९५८ पर्यंत तुर्की कामगार त्या एकत्र संघटनांमधून बाहेर पडले होते. ते मनानं बाहेर पडले असं तू म्हणशील का?

१६ ऑगस्ट १९६० ला स्वातंत्र्य मिळालं. आर्चबिशप मकारिओस राष्ट्राध्यक्ष, डॉ. फाझिल क्युचुक उपराष्ट्राध्यक्ष. घटना झुरिक आणि लंडनला ठरलेली. सरकारी नोकऱ्यांत ग्रीक-तुर्की प्रमाण ७०:३०, सैन्यात ६०:४०, आणि ब्रिटन, ग्रीस, तुर्कस्तान हे तिघं हमीदार. बेटाचा सुमारे ३ टक्के भाग तळांसाठी इंग्रजांनी स्वतःकडेच ठेवला, तो आजही त्यांचाच आहे. या घटनेत नागरिक एक तर ग्रीक समाजाचा किंवा तुर्की समाजाचा. आर्मेनियन आणि मॅरोनाइट या छोट्या ख्रिस्ती समाजांनाही यांपैकी एक निवडायला लावलं. नुसता सायप्रियट म्हणून जगायची सोय कायद्यातच नव्हती.

आता चार माणसांबद्दल सांगतो. आइहान हिक्मेत आणि अहमेत ग्युर्कान हे तुर्की पत्रकार. दोन्ही समाजांनी नव्या प्रजासत्ताकात एकत्र राहावं असं लिहायचे. मार्च १९६२ मध्ये निकोसियाच्या दोन मशिदींत स्फोट झाले. ग्रीकांनी केले, असंच सगळे धरून चालले. हे दोघं म्हणाले की कुणी केले ते आम्ही उघड करू. २३ एप्रिलच्या रात्री दोघांचा खून झाला. तो टीएमटीनं केला असं मानलं जातं. दुसरी जोडी देर्विश अली कावाझोग्लू आणि कोस्तास मिशाउलिस. एक तुर्की, एक ग्रीक, दोघेही कामगार चळवळीतले. ११ एप्रिल १९६५ ला निकोसियाहून लार्नाकाकडे येताना त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला आणि दोघे एकत्रच गेले. ही माणसं जगली असती तर बेट एक राहिलं असतं, असं छातीठोक कोण सांगणार? पण एकत्र नांदणं जमत नव्हतं म्हणून ती मेली नाहीत. ती नांदत होती, म्हणून त्यांना मारलं गेलं.

बाकीचं तुला ठाऊक असेल, म्हणून भराभर लिहितो. नोव्हेंबर १९६३ मध्ये मकारिओसनी घटनेत १३ दुरुस्त्या सुचवल्या, तुर्कांचे बरेच अधिकार जाणार होते. डिसेंबरच्या नाताळात रक्तपात झाला. ब्रिटिश जनरल यंग यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेघ मारली, तीच ग्रीन लाइन. सुमारे २५ हजार तुर्की सायप्रियट घरं सोडून छोट्या छोट्या वेढलेल्या वस्त्यांत गेले आणि १९६८ पर्यंत नाकेबंदीत राहिले. दक्षिणेतल्या ग्रीक लोकांशी बोलताना १९७४ चं दुःख लगेच निघतं, या चार वर्षांचं क्वचितच. मला हे खटकतं, आणि मी ते इथे बोलूनही दाखवतो.

मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती आपले जनरल ग्यानी, त्यांच्यानंतर जनरल थिमय्या. होय, तेच, आपले माजी लष्करप्रमुख. डिसेंबर १९६५ मध्ये, सेनापतिपदावर असतानाच, थिमय्या इथे सायप्रसमध्ये वारले. सायप्रसनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. १९७४ मध्येही सेनापती भारतीयच होते, जनरल प्रेमचंद. लढाई ऐन भरात असताना त्यांनी निकोसियाचा विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात घेतला आणि दोन्ही सैन्यांना तिथे शिरू दिलं नाही. तो आजही तसाच ओस पडला आहे.

१९७४ चा उन्हाळा तर भयंकरच. १५ जुलैला अथेन्सच्या लष्करशहांच्या चिथावणीनं मकारिओसविरुद्ध बंड, २० जुलैला तुर्कस्तानचं सैन्य उत्तर किनाऱ्यावर, १४ ऑगस्टला दुसरी चढाई. बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेला पळाले, काही महिन्यांत चाळीस हजारांवर तुर्क उत्तरेला. मराथा, सांदालारिस आणि आलोआ या तीन गावांत सव्वाशे तुर्की गावकरी मारले गेले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. आशिया नावाच्या ग्रीक गावातून शंभरेक माणसं बेपत्ता झाली. १९८३ मध्ये उत्तरेनं वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं, पण तुर्कस्तानखेरीज त्याला कुणी मान्यता दिलेली नाही.

आमच्या घरमालकीणबाई उत्तरेतल्या केरीनियाजवळच्या गावातल्या. २३ एप्रिल २००३ ला दोन्ही भागांमधली नाकी उघडली, त्याच आठवड्यात त्या आपलं घर बघायला गेल्या. तिथे राहणारी तुर्की बाई दक्षिणेतल्या पाफोसकडची, म्हणजे तीही घर हरवून आलेली. तिनं आत बोलावलं. आमच्या बाई फाटकापाशीच थांबल्या. "माझ्याच घरात पाहुणी कशी होऊ?" असं त्यांनी मला विचारलं तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हते. २००४ च्या सार्वमतात त्यांनी अन्नान योजनेविरुद्ध, म्हणजे बेट पुन्हा एक करायच्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेविरुद्ध मत दिलं, ७६ टक्के ग्रीक सायप्रियटांसारखं. पलीकडे ६५ टक्क्यांनी होकार दिला होता. मला तो नकार मोठी चूक वाटतो. पण योजनेनंतरही तुर्की सैनिक काही प्रमाणात राहणार होते आणि सगळ्यांना घरं परत मिळणार नव्हती, या त्यांच्या भीतीला मी खोटं म्हणू शकत नाही.

आणि तरी, दिलीप, एकत्र चालतंय असं बरंच काही इथे आहे. १९७४ नंतर निकोसियाचं मलनिस्सारणाचं काम अर्धवट राहिलं होतं. वाहिन्यांचं जाळं बरंचसं दक्षिणेत, शुद्धीकरण केंद्र उत्तरेत. लेल्लोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिंजी हे दोन्हीकडचे महापौर सरकारी मान्यतेच्या वादात न पडता भेटले आणि काम पुरं केलं. वर रेषा, खाली एकच गटार. दुसरं, बेपत्ता माणसांची समिती. यादी २००२ जणांची, १५१० ग्रीक आणि ४९२ तुर्की. दोन्हीकडचे तरुण शास्त्रज्ञ २००६ पासून एकत्र खोदतात, एकाच प्रयोगशाळेत हाडं जुळवतात. हजाराहून अधिक जणांचे अवशेष त्यांनी ओळख पटवून घरच्यांच्या हाती दिले आहेत. ज्याच्या आजोबांना त्या गावच्या लोकांनी मारलं असेल, तोच मुलगा त्या गावच्या विहिरीत उतरून दुसऱ्याच्या आजोबांना शोधतो. "जमलंच नसतं" हे मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

ऑक्टोबरमध्ये उत्तरेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. दोन स्वतंत्र देशांची मागणी करणारे तातार हरले, आणि संघराज्याच्या बाजूचे तुफान एर्ह्युरमान मोठ्या फरकानं जिंकले. अंकारा, म्हणजे तुर्कस्तानचं सरकार, काय करू देईल हा प्रश्न आहेच, आणि दक्षिणेत राष्ट्राध्यक्ष ख्रिस्तोदुलिदिस किती पुढे येतात हाही. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंतानाला एकीकरणाच्या वाटाघाटी अगदी शेवटी फिसकटल्या, म्हणून लोक सावध आहेत. मी मात्र आशा सोडलेली नाही.

एप्रिलमध्ये येतोस म्हणालास ना? मग ११ तारखेच्या आधी ये. कावाझोग्लू आणि मिशाउलिस यांच्या आठवणीसाठी दोन्हीकडची माणसं एकत्र जमतात, आपण जाऊ. तुझा प्रश्न तिथल्या म्हाताऱ्यांना तूच विचार, मी दुभाषा शोधून ठेवतो. तिकीट लार्नाकाचंच काढ. उत्तरेतल्या एर्जान विमानतळावर उतरू नकोस, इथलं सरकार तो प्रवेश बेकायदा मानतं. उत्तरेत आपण निकोसियातून पायी जाऊ, पासपोर्ट दाखवला की झालं. व्हिसाचे कागद महिनाभर आधी दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर