हुरड्याला जाताना

ती. आई-बाबांस,
सा. न.

हुरड्याला जायचं ठरवलंत, छान केलंत. जानेवारीचा दुसरा आठवडा म्हणजे ऐन हंगाम. फक्त तारीख पक्की करण्याआधी बाबा, शेतावर फोन करून पेरणी कधीची ते विचारा. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि हुरडा साधारण 90 ते 100 दिवसांनी धरतो. एका तुकड्यात तो जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो, म्हणून जाणता शेतकरी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने तुकडे पेरतो आणि तारखा तोंडपाठ सांगतो. उत्तराऐवजी रेन डान्स आणि सेल्फी पॉइंटचं कौतुक सुरू झालं, तर सरळ दुसरं ठिकाण बघा. कणसं बाहेरून पोत्यात आणलेली असली की दाणा सुकलेला असतो, आणि मग चटण्यांवरच पोट भरावं लागतं.

वाणही विचारा. सुरती, गुळभेंडी, किंवा राहुरी विद्यापीठाच्या फुले मधुर, फुले उत्तरा या खास हुरड्याच्या ज्वाऱ्या. दाणा गोड आणि चोळला की बोंडातून पटकन सुटतो. मालदांडीची भाकरी कितीही गोड लागो, हुरड्याला ती चोळताना तळहात सोलतात आणि तोंडात कोंडाच जास्त येतो.

कणीस हातात आलं की दाण्यात नख रुतवून बघा. दुधासारखा चीक उडाला तर ते कोवळं, आगीत आक्रसून जाईल. नख रुतलंच नाही तर निबर. दाणा मऊ दबला आणि चीक वाहिला नाही, की तो हुरडा.

आता आगटी. जमिनीत वीतभर खोल खड्डा, त्यात गोवऱ्या. जाळ पूर्ण बसून वर राख धरली की मगच कणसं आरात खुपसायची आणि दांड्याला धरून फिरवत राहायचं. तीन-चार मिनिटं पुरतात. घाई केली की सगळं तिथेच बिघडतं: जाळावर धरलेलं कणीस वरून काळं होतं आणि आत कच्चं राहतं. भाजलं की राख झटकून लगेच गोणपाटावर चोळायचं, कारण गार झालेला दाणा बोंड सोडत नाही. मग सुपात पाखडून गरम गरम पुढ्यात. आई, तू वाऱ्याच्या वरच्या अंगाला बस, गोवरीचा धूर तुझ्या दम्याला झेपायचा नाही.

खाताना एकच पथ्य, थोडा थोडा मागून घ्या. ताटात ढीग घेतला तर अर्धा गार होऊन चामट होतो. सोबत शेंगदाण्याची, लसणाची, कारळ्याची चटणी, दही, गूळ असेल. बाबा, तुमच्या साखरेला गूळ, रेवड्या आणि ऊस तिन्ही नकोत. आणि हुरडा कोवळा दिसला तरी ते धान्यच आहे, म्हणून दोन-तीन मुठींवर थांबा आणि गोळीची वेळ चुकवू नका. आईच्या कवळीखाली बोंडाचं तूस अडकतं, त्यामुळे तिच्यासाठी दोनदा पाखडून मागा. वर ताक घ्या.

बहुतेकांचं इथेच चुकतं. दहा वाजता हुरड्यावर आडवा हात मारतात, आणि एक वाजता चुलीवरचं पिठलं, भरीत, भाकरी, ठेचा समोर आला की नुसतं बघत बसतात. शेंगोळी मिळणार असेल तर पोटात जागा ठेवाच. हुलग्याच्या पिठाची, लसूण-मिरची वाटून, पातळ रश्श्यात शिजवलेली शेंगोळी मुंबईच्या हॉटेलात शोधूनही मिळत नाही.

फिरायला जाल तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ज्वारीचं पान अंगाला कापतं आणि खाज सुटते. आणि बाबा, हौसेनं कोवळा फुटवा तोडून वासराला घालू नका. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचा अंश असतो, त्याने जनावर दगावतं. बैलगाडीत चढताना बैल जुंपलेले असतील तर गाडीवानाला कासरा धरायला सांगा. आईचा गुडघा बघता मागच्या बाजूला स्टूल ठेवूनच चढावं.

मुक्काम करणार असाल तर कमोड आहे का आणि खोलीपासून किती लांब आहे, हे आधी विचारा. बारामतीजवळच्या पळशीवाडीत 2005 च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा हा उद्योग उभा केला, आणि राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं 2020 साली. त्यामुळे पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. दर माणशी किती, त्यात जेवण धरलंय का आणि हुरडा पोटभर की मोजून, हेही फोनवरच ठरवा. रविवार टाळा, गर्दीत भाजणाऱ्याला आर बसेपर्यंत थांबायला फुरसत नसते.

घरी आणायला हुरडा घेतलात तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम सुटून आंबतो. कापडात बांधा आणि पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये टाका. आई, दुसऱ्या दिवशी भरड वाटून, मावेल एवढं बेसन, कांदा, मिरची घालून थालीपीठ लाव. बेसन जास्त झालं की हुरड्याची गोडी मरते.

तुमची,
मनी