तुम्ही माझी फाइल पुसून टाकलीत, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात माझे पहिले छायाचित्र विकले गेले. खिडकीच्या उजेडात सुईत दोरा ओवणाऱ्या शेजारच्या आजींचे ते छायाचित्र, ज्यावर तुम्ही आपली एक अख्खी संध्याकाळ खर्च केली होती. मिळालेली रक्कम अगदी लहान आहे, परंतु खात्यात ती दिसली तेव्हा सर्वांत आधी तुमची आठवण झाली. आभार खासगीत कळवून झाले आहेत, तरीही ते चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडत नाही. नाव न घेण्याची अट तुमचीच होती आणि ती मी पाळतो आहे.

तुम्हाला पहिल्यांदा लिहिले तेव्हा मी छायाचित्रे विकण्याचा विचार जवळजवळ सोडून दिला होता, हे तुम्हाला ठाऊक नसेल. त्याआधी एका संस्थेने ‘छायाचित्रकार म्हणून तुमचे नाव देऊ’ असे सांगून माझी अकरा छायाचित्रे मागून घेतली होती. ती छापली गेली तेव्हा नाव तर नव्हतेच, उलट ज्या कोपऱ्यात मी माझे नाव लिहिले होते तेवढा भाग कापून टाकलेला होता. विचारणा केल्यावर ‘एकदा इंटरनेटवर टाकले की ते सगळ्यांचेच’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका गृहस्थांनी छायाचित्रविक्री शिकवतो म्हणून शुल्क घेतले आणि संपूर्ण वर्गात माझे एकही छायाचित्र उघडून पाहिले नाही. छायाचित्रे विकण्यासाठी मी ज्या संकेतस्थळाकडे पाठवत असे, तिथून नकार येत, तेही ‘फोकस’ किंवा ‘नॉइज’ (छायाचित्रात उठलेले दाणे) एवढ्या एका शब्दाचे. तपासणाऱ्यांपुढे छायाचित्रांचा ढीग असतो, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पहिल्या दोघांविषयी मात्र आहे आणि ती अजून निवलेली नाही.

तुम्ही ते छायाचित्र शंभर टक्के मोठे करून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिलेत. फोकस सुईच्या टोकावर नसून आजींच्या चष्म्याच्या काडीवर आहे, सावलीचा भाग मी नंतर ओढूनताणून उजळल्यामुळे तिथे दाणे उठले आहेत, खिडकीच्या गजांना जांभळी कड आली आहे आणि दोऱ्याच्या रिळावर कंपनीचे चिन्ह दिसते आहे, हे सारे तुम्ही गोल करून दाखवलेत. संकेतस्थळाची चार मेगापिक्सेलची किमान अट पूर्ण झाली की काम झाले, अशा समजुतीत मी तोवर होतो. पण या सर्व दोषांच्या आधी, पत्राच्या पहिल्याच ओळीत, तुम्ही लिहिले होते की दोरा ओवताना आजींनी ओठ किंचित आत ओढून धरले आहेत आणि ते टिपले गेले म्हणून हे छायाचित्र पुन्हा काढण्याच्या लायकीचे आहे. त्या ओळीमुळे पुढचे दोष वाचताना माझा धीर सुटला नाही.

तरीही मला सर्वांत जास्त भिडली ती शेवटची ओळ. सावल्या मुळात किती काळ्या होत्या हे पाहण्यासाठी तुम्ही माझी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, काहीही प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, मागितली होती आणि आधीचा अनुभव ताजा असल्यामुळे ती पाठवताना, खरे सांगतो, माझा हात अडखळला होता. दोन दिवसांनी तुमचे उत्तर आले आणि त्याच्या शेवटी होते: ‘तुमची मूळ फाइल आणि मी केलेली प्रत, दोन्ही माझ्या संगणकावरून काढून टाकल्या आहेत. छायाचित्र तुमचे आहे.’

हे मी मागितले नव्हते. तुम्ही ती फाइल ठेवून घेतली असती तरी मला कधी कळले नसते. पूर्वी निगेटिव्ह ज्याच्या हाती, त्याच्या हाती छायाचित्र असे म्हणत. आज रॉ फाइलची तीच जागा आहे. बर्न करार हा स्वामित्वहक्काचा आंतरराष्ट्रीय करार मानणाऱ्या देशांत छायाचित्राचा हक्क ते काढताक्षणी, कुठेही नोंद न करता निर्माण होतो आणि रॉयल्टी-फ्री परवान्याने, म्हणजे एकदा पैसे घेऊन पुन्हा पुन्हा वापरण्याची मुभा देऊन, विकले तरी तो काढणाऱ्याकडेच राहतो, हे मी वाचलेले होते. पण माझे एकही छायाचित्र विकले गेलेले नसताना माझा हक्क कोणीतरी इतक्या सहजपणे पाळतो, हे मी पहिल्यांदाच पाहिले. ती ओळ वाचून मी बराच वेळ काही न करता बसून होतो.

त्याच पत्रात तुम्ही विचारले होते, ‘आजींची संमती घेतली का?’ मी घेतली नव्हती. माझे छायाचित्र कापून वापरणाऱ्यांवर मी चिडलो होतो आणि आजींचा चेहरा त्यांना न विचारता विकायला निघालो होतो. छायाचित्र नव्याने काढल्यावर मॉडेल रिलीजचा, म्हणजे छायाचित्रातील व्यक्तीच्या लेखी संमतीचा, अर्ज घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि तो संपूर्ण वाचून दाखवला. ‘हे कुठे छापणार?’ असे त्यांनी विचारले. विकत घेणारा कोणीही असू शकतो, कदाचित जाहिरातीतही वापरेल, हे मी स्पष्टपणे सांगितले. त्यांनी एक दिवस विचार केला आणि सही केली. नातवाबरोबरच्या छायाचित्राला मात्र त्या नाही म्हणाल्या, म्हणून ते मी विक्रीला ठेवलेले नाही.

कीवर्डची, म्हणजे छायाचित्र शोधता यावे म्हणून त्याला जोडायच्या शब्दांची, गोष्टही राहिलीच. अडोबी स्टॉक या छायाचित्रविक्रीच्या संकेतस्थळावर ४९ शब्द चालतात म्हणून मी ‘निसर्ग’ आणि ‘आनंद’सुद्धा भरले होते. तुम्ही निम्म्याहून अधिक खोडलेत आणि पहिल्या दहा शब्दांना जास्त वजन असते म्हणून ‘सुई’, ‘दोरा’, ‘वृद्ध हात’ वर आणलेत.

आयस्टॉकफोटो हे अशाच विक्रीचे संकेतस्थळ २००० साली छायाचित्रांच्या देवाणघेवाणीतून सुरू झाले आणि २००३ मध्ये शटरस्टॉक या दुसऱ्या संकेतस्थळाच्या संस्थापकाने स्वतः काढलेल्या हजारो छायाचित्रांवर आपले दुकान मांडले. तेव्हापासून या व्यवसायाचे दार हौशी माणसाला उघडे आहे. मी त्या दारातून आत येऊन बराच काळ उभा होतो. बसा म्हणणाऱ्या पहिल्या तुम्ही. या क्षेत्रात तुमच्यासारखी सचोटीची माणसे आणखीही असतील, असे आता मला वाटू लागले आहे आणि हे वाटणे त्या विक्रीपेक्षा मला अधिक मोलाचे आहे.

आजींना छायाचित्राची छापील प्रत दिली. चष्म्याऐवजी सुई नीट दिसली पाहिजे, हे कोणी सांगितले असे त्यांनी विचारले. मी तुमच्याविषयी सांगितले. त्यांनी तुम्हाला नमस्कार कळवायला सांगितला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला ऋणी,
एक हौशी छायाचित्रकार