धुराडे बांधून देणाऱ्या नानांस

आदरणीय नाना मिस्त्री,
सादर नमस्कार.

आमच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातील चुलीला आपण धुराडे बांधून दिलेत, त्याबद्दल आभार मानायचे त्याच दिवशी राहून गेले, कारण आईचे कोरडे डोळे पाहून मला काही बोलणेच सुचले नाही.

आपल्या आधी आलेल्या कारागिराने दारातूनच माप घेतले, ४ इंची नळी दोन काटकोनी वळणे देऊन भिंतीबाहेर काढली आणि तिचे तोंड छताच्या कठड्याच्या खालीच सोडले. संध्याकाळचा वारा सुटला की धूर उलटून घरात येई. तक्रार केली तेव्हा ‘जळणातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या असतील’ असे उत्तर मिळाले. फाल्गुनातल्या उन्हात पऱ्हाट्या ओल्या कशा राहतात, ते त्यांनाच ठाऊक!

आपण आलात ते थेट चुलीजवळ जमिनीवर बसलात. ‘आक्का, रोजच्यासारख्या भाकरी करा,’ असे म्हणून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होईपर्यंत त्याच धुरात डोळे पुसत राहिलात. मांडे भाजायचे मातीचे खापर ठेवल्यावर जाळ किती लागतो, स्वयंपाकाच्या वेळी कोणते दार उघडे असते, हे सारे आईलाच विचारलेत. तिच्या चुलीविषयी तिचे मत या घरात कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. १९८० च्या दशकात निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर राबवला गेला आणि पुढे त्यातल्या कितीतरी चुली पडून राहिल्या. रांधणारीला विचारणारे कुणी तेव्हा असते, तर बऱ्याच टिकल्या असत्या, असे मला वाटते.

पुढच्या कामातले मला थोडेच समजले. नळीतली हवा तापून हलकी होते म्हणून धूर वर ओढला जातो, त्यासाठी नळी सरळ, उंच आणि ऊब धरणारी हवी, एवढे आपण समजावलेत. त्याप्रमाणे भाजलेल्या मातीच्या रुंद नळ्या, भोवती विटा, धाब्यापासून ३ फूट उंची आणि छताच्या लाकडी कड्यांपासून राखलेले अंतर, यांतले काहीही आपण घाईत उरकले नाही. स्वस्तात मिळणारा सिमेंटचा पाइप उष्णतेने तडकतो म्हणून तो मला घेऊ दिला नाहीत; महागाचा मालही खपवला नाहीत.

काजळी काढण्यासाठी तळाशी ठेवलेले झाकण आई शेजारणींना कौतुकाने दाखवते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावर मांडे होणार आहेत आणि जाळ मोठा असेल, तेव्हा आपण अवश्य यावे, असा तिचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
आक्कांचा मुलगा