कर नाही त्यालाही वकील हवा

मा. संपादक,

‘कर नाही त्याला डर कशाला? निर्दोष माणसाला चौकशीत वकील लागतोच कशाला?’ असा सवाल सोमवारच्या अंकात एका वाचकाने केला आहे. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला बराच काळ तपासी अंमलदारांचा रायटर होतो. म्हणजे साहेब विचारणार, समोरचा बोलणार आणि मी लिहिणार. त्या खुर्चीवरून सांगतो, घाम फुटतो तो काहीच न केलेल्याला. सराईत निवांत असतो, त्याला पुढचं सगळं पाठ असतं.

शेतातल्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या, तेव्हाची गोष्ट. एका सालगड्याला फोन गेला, “साहेबांनी बोलावलंय.” लेखी नोटीस वगैरे काही नाही. “त्या रात्री विहिरीवर होतास का?” या पहिल्याच प्रश्नाला तो घाबरून ‘नाही’ म्हणाला. खरं तर स्टार्टर बंद करायला तो गेला होता आणि मालकालाही ते ठाऊक होतं. मोबाइलच्या लोकेशनने त्याला खोटं पाडलं. मग तो जे खरं सांगू लागला तेही कोणी ऐकेना. मोटार शेवटी भलत्याच गावच्या भंगारवाल्याकडे निघाली. आधी दहा मिनिटं वकिलाशी बोलणं झालं असतं, तर त्याने एक तर खरं सांगितलं असतं, नाही तर तोंड मिटलं असतं.

तोंड मिटण्याचा हा हक्क संविधानाच्या कलम २०(३) मधला आहे. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांनी पोलिसांच्या लेखी प्रश्नांना उत्तरं नाकारली, त्यांच्यावर खटला भरला गेला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क ठाण्यातल्या चौकशीतही लागू आहे. ‘मी काहीच बोलणार नाही’ अशी सरसकट मुभा मात्र नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे तपास-अटकेची पद्धत ठरवणारा कायदा; त्याच्या कलम १८० प्रमाणे उत्तरं खरीच द्यायची. फक्त ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू, ते देण्याची सक्ती नाही. या जबाबावर सहीही घ्यायची नसते. पण “कर इथं” म्हटलं की लोक मुकाट करतात!

वकिलाचं म्हणाल तर, अटकेतल्या माणसाला चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही (त्याच संहितेचं कलम ३८). तेवढंसुद्धा मागितलं की ठरलेलं उत्तर येतं, “वकील कोर्टात भेटेल की!” तोवर जबाब होऊन गेलेला असतो. पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्रियांबद्दल लिहिलेल्या पत्रावरून १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रालाच बजावलं होतं, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं. असं पत्र जावक रजिस्टरला चढवल्याचं मला तरी आठवत नाही.

वकील आला की तपास अडतो, असं खात्यातले माझे जुने मित्र म्हणतील. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. ती मिळवण्यात रात्र घालवायची आणि सीसीटीव्ही फुटेज, पंच, मुद्देमाल हे उद्यावर ढकलायचं, याला तपास कसं म्हणायचं?

आर्थिक ऐपतीचाही प्रश्न नाही. कोठडीतल्या कोणालाही आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. हा नंबर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर, आत येणाऱ्याला दिसेल असा मोठ्या अक्षरांत लावावा. आणि चौकशी सुरू करण्याआधी स्टेशन डायरीत एक ओळ सक्तीची करावी: ‘वकील हवा का विचारले, उत्तर अमुक.’ लिहायला अर्धं मिनिट पुरतं, कोणत्याही रायटरला विचारा.

– एक निवृत्त सहायक फौजदार, जि. सातारा