दोन सूत, तीन सूत

ती. आई-बाबा,
सा. न.

तीन रविवार माझा शिवणकामाचा व्हिडिओ आला नाही, तर आईने फोनवर "बरी आहेस ना?" असं चारदा विचारलं. मी ठणठणीत आहे. बिनसलंय ते कॅमेऱ्याचं आणि त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांचं. बाबांना सांगायला गेले, तर "एका स्क्रूपायी तीन आठवडे?" म्हणून त्यांनी फोनच आईकडे दिला. म्हणून आता लिहितेच.

मी पडले एकटी. ब्लाउजला बाही जोडतात त्या मुंढ्याचा आकार कापताना कॅमेरा धरायला कोण येणार? म्हणून सेकंडहँडमध्ये मुद्दाम असा घेतला, की त्याचा पडदा वर उघडतो आणि समोरून आपलं आपल्याला दिसतं. छान दिसत होतं. मग कॅमेऱ्याच्या डोक्यावर माइक बसवला, तो नेमका पडद्याच्या पुढ्यात! आता मला दिसतो माइक आणि माझा एक कान.

म्हटलं, फोनचा कॉलरला लावायचा माइक आहे, तोच जोडू. पिन तीच, साडेतीन मिलिमीटरची. खटकन आत गेली. आईच्या पद्धतीने अख्खं ब्लाउजचं कटिंग समजावून सांगितलं, पंचवीस मिनिटं. नंतर लावून बघते तर ओठ हलतायत आणि आवाज नुसता सूंऽऽ. दोन्ही पिना शेजारी धरल्या तेव्हा कळलं. फोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. फोनवाल्या पिनेत टोकाकडचे दोन भाग हेडफोनचे, मग अर्थिंग, आणि माइक पार बुडाशी. कॅमेरा आवाज शोधतो टोकाला आणि बुडाशी त्याला अर्थिंग हवं. मग काय ऐकू येणार! मधे लावायची छोटी वायर मिळते, ती आणली, आणि आवाज आला.

पण कॉलरच्या माइकमध्ये ओढणी घासल्याची खरखर येते. म्हणून वरचा माइक पडद्यासमोरून बाजूला धरणारी एक पट्टी घेतली, तीही जुनी, बिनस्क्रूची. ती कॅमेऱ्याच्या बुडाला बसते आणि तिच्याखाली ट्रायपॉड. बाबा, आता तुमचा विषय. कॅमेऱ्याचं भोक दोन सुती, म्हणजे पाव इंची, ट्रायपॉडचा स्क्रूही दोन सुती, आणि पट्टीच्या खालच्या बाजूचं भोक तीन सुती! स्क्रू त्यात नुसता खुळखुळतो. बाहेरून तीन सूत, आतून दोन सूत असा बुश मागवलाय. शिवाय पट्टी बॅटरीचं झाकण झाकते, म्हणजे बॅटरी बदलायची तर सगळा संसार उतरवा. एक सांधायला जावं तर तेरा तुटतात.

पट्टी कॅमेऱ्याला जोडायला बोल्ट हवा म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले. पाव इंची मागितला, त्याने सहा एमएमचा दिला, "एकच आहे मॅडम" म्हणाला. एक फेरा गेला आणि अडकला. नशीब, तिथेच हात आवरला. तुम्ही डेपोतून आल्यावर नट-बोल्टांचा डालड्याचा डबा ओतून आम्हाला नखाने आटे मोजायला लावायचात ना, ते आठवलं. घरी येऊन मोजले. सहा एमएमला आटा एक मिलिमीटरला, आणि पाव इंचीला इंचात वीस, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या थोडा वर. जाडीतही साडेतीन दशांशाचा फरक.

तर डबा काढा. जुना बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश मापाचा, पाव इंची बोल्ट चालेल, त्यालाही वीसच आटे. आट्यांचा कोन थोडा वेगळा असतो, पण एवढ्याशा लांबीत भागतं. पट्टी पाच मिलिमीटर जाड आणि कॅमेऱ्याचं भोक जेमतेम साडेचार खोल, म्हणून डोक्याखाली बोल्ट नऊच मिलिमीटर हवा. जास्त झाला तर आतून कॅमेऱ्याचं बूड फुटेल. बोल्ट कापायच्या आधी त्यावर नट चढवा आणि कापल्यावर कानस मारून तो नट उलटा काढा, म्हणजे आटे साफ होतील. हे मी तुम्हाला सांगतेय, हसू नका.

आई, मागच्या व्हिडिओत मुंढा अर्धा इंच जास्त खोल गेलाय म्हणालीस, ते खरं आहे. नव्यात सुधारते.

बोल्ट दोन पाठवा, एक हरवणारच. आणि डब्याचं झाकण गंजलं असेल, आईला उघडायला देऊ नका, ती भाजीची सुरी घेते.

तुमची,
धाकटी